उलटं पाणी

सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी पावसाळ्यात माणसं भेटली की खुशालीच्या आधी विचारतात, "आयर्विनला किती?" सांगलीत आयर्विन पुलाजवळ नदीची पातळी फुटांत मोजतात. 40 ला इशारा, 45 ला धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये ती 57 च्या वर गेली, तेव्हा मी पेनसिल्व्हेनियातल्या माझ्या घरी रात्रभर फोनवर तो आकडा बघत बसलो होतो. आई-अण्णा आधीच विट्याला मामाकडे गेले होते, त्यामुळे जिवाची काळजी नव्हती. पण घरात पाणी कुठवर आलं असेल, फ्रीज बुडाला की फळीवरची भांडीसुद्धा, याचा हिशेब आम्ही सगळी भावंडं त्या आकड्यावरून करत होतो.

हिवाळ्यात शनिवारी पहाटे पाच वाजता मी तसाच एक आकडा बघतो. हॅरिसबर्गला सस्क्वेहाना नदी किती फूट आहे. इथं पुराची पातळी 17 फूट धरतात. 1972 च्या जूनमध्ये अ‍ॅग्नेस वादळात ती 32 च्या वर गेली होती आणि अजून इथली म्हातारी माणसं घराच्या भिंतीवर हात ठेवून 'इथपर्यंत' असं दाखवतात. अगदी आपल्यासारखं. माझं काम मात्र फार खालच्या आकड्यांत असतं. साडेतीनच्या आसपास असेल तर उत्तम. चार-साडेचार असेल तर काठावरून. पाच असेल तर चहा पिऊन परत झोपायचं. चार फूट म्हणजे नदीत चार फूट पाणी असं नव्हे, हेही सांगून ठेवतो. मोजपट्टीचा शून्य कुठंतरी ठरवलेला असतो, तळाशी त्याचा संबंध नसतो. त्यामुळे आकडा एकटा फारसं काही सांगत नाही. कालचा आकडा माहीत असावा लागतो.

हे मला कळायला जरा वेळ लागला. ते पुढे येईलच.

मी जातो ते मासे धरायला. माशाचं नाव स्मॉलमाऊथ बॅस. आमच्या घरी या नावावरून एक घासून गुळगुळीत झालेला विनोद आहे. "कुठे निघालास?" "बॅस." "बास झालं आता, सहा डिग्री थंडी आहे बाहेर!" थंडीत मासेमारी करणारा माणूस वेडा असतो यावर माझी बायको, शेजारचे गुजराती काका आणि ऑफिसातले सगळे गोरे सहकारी यांचं एकमत आहे. काठावर भेटणारे चार-पाच जण तेवढे वेगळ्या मताचे.

सस्क्वेहाना न्यूयॉर्क राज्यात कूपर्सटाऊनच्या ऑट्सेगो तळ्यातून निघते आणि 444 मैल वाहून चेसापीकच्या उपसागराला मिळते. हॅरिसबर्गपाशी ती प्रचंड रुंद आणि तितकीच उथळ आहे. शहराच्या वरच्या अंगाला रॉकव्हिलचा रेल्वेपूल आहे, 1902 साली पुरा झालेला, 48 दगडी कमानींचा. एका काठावरून दुसऱ्या काठावर जाईपर्यंत पाऊण मैल होतो. आणखी वर, एका मोडक्या जुन्या पुलाच्या खांबावर कुणीतरी स्वातंत्र्यदेवतेचा छोटा पुतळा उभा केलाय. पहिल्यांदा बघणारा गाडी चालवताना दचकतो. उन्हाळ्यात नदीच्या मधोमध कमरेएवढ्या पाण्यात माणसं उभी असतात. तळाला खडकाच्या तिरक्या पट्ट्याच्या पट्ट्या आहेत, इथं त्यांना 'लेज' म्हणतात. पाणी त्यांच्यावरून उड्या मारत जातं. वरून बघताना नदी सरळ, सपाट, एकजीव वाटते. प्रत्यक्षात तिच्यात शंभर नद्या वाहत असतात, काही जोरात, काही हळू, काही उलट्या.

बॅस उन्हाळ्यात त्या जोरातल्या पाण्यात शिकार करतो. दगडाच्या कडेला उभा राहतो आणि धारेतून वाहत येणारी क्रेफिश, छोटी मासोळी उचलतो. पण मासा थंड रक्ताचा प्राणी. पाणी दहा डिग्रीच्या खाली गेलं की त्याचं सगळं अंग मंदावतं. खाणं कमी होतं, पचायला वेळ लागतो, आणि मुख्य म्हणजे धारेशी झगडणं परवडत नाही. मग सगळा हिवाळा तो अशा जागी काढतो जिथं पाणी त्याला हलायला लावणार नाही. बेटाची खालची बाजू, पुलाच्या खांबाची पाठ, ओढा नदीला मिळतो तिथला खोलगट कोपरा. मैलभर नदी रिकामी आणि एका खोलीएवढ्या जागेत चाळीस-पन्नास मासे खाली तळाशी थव्यानं उभे, असं असतं. थंडीत मासे धरायचे म्हणजे नव्वद टक्के काम ती खोली शोधायचं. धार जितकी जोराची तितकी ती खोली लहान, आणि तितकीच दाटीनं भरलेली.

खोली सापडली तरी आत जायचं कसं हा प्रश्न उरतो, कारण तिच्या भिंती वाहत्या पाण्याच्या असतात. आपण काठावर, मध्ये जोराची धार, पलीकडे संथ पाणी. दोरी धारेवर पडली की तिला पोट येतं आणि गळ ओढून नेला जातो. म्हणून काठी उंच धरून दोरी शक्य तितकी पाण्याच्या वर ठेवायची. गळाला शिशाचा छोटा गोळा आणि हरणाच्या शेपटीचे केस बांधलेले असतात. साडेतीन ग्रॅमचा गोळा हलका पडला तर पाच, पाच दगडांत अडकायला लागला तर परत साडेतीन. एका सकाळी सहा-सात गळ नदीला वाहिले जातात. किंवा मग प्लास्टिकची मासोळी, जी खालीही जात नाही आणि वरही येत नाही, सोडाल त्या खोलीवर लटकून राहते. तिला एक झटका द्यायचा आणि थांबायचं. पंधरापर्यंत मोजायचं. मी मराठीत मोजतो. थंडीनं अर्धमेली झालेली मासोळी अशीच वागते, एक हिसका देते आणि निपचित पडते. बॅस तिच्याकडे बघत राहतो. बाराव्या-तेराव्या अंकाला कधीतरी येतो.

येतो म्हणजे काय, तर उन्हाळ्यासारखा दणका नसतो. दोरी किंचित जड होते. ओला कागद अडकल्यासारखी. किंवा सैल पडते. कधीकधी नुसता संशय येतो. त्यात काठीच्या कड्यांमध्ये बर्फ धरतं, दर चार-पाच फेकींना काठी पाण्यात बुडवून ते काढावं लागतं, बोटं बधिर झालेली असतात, आणि त्या बधिर बोटांनी हा संशय ओळखायचा असतो. दहा वर्षं मी हे करतोय. दिवसाला तीन मासे मिळाले तर मी बायकोला सोसायटीच्या निवडणुकीत निवडून आल्यासारखं सांगतो.

आणि मिळालेला मासा मी परत सोडतो. सोडावाच लागतो. 2005 च्या उन्हाळ्यात या नदीत बॅसची पिल्लं मोठ्या संख्येनं मेलेली दिसू लागली, अंगावर फोड, कल्ले खराब. पुढे मोठ्या नर माशांच्या पोटात अंड्यांच्या पेशी सापडल्या. शेतांतून येणारी रसायनं, रोगजंतू, परजीवी अशा अनेक गोष्टींकडे बोट दाखवलं गेलं. 2011 मध्ये राज्यानं नियम केला की सनबरीपासून हॉल्टवूडच्या धरणापर्यंत, म्हणजे 98 मैलांत, धरलेला बॅस तिथल्या तिथे पाण्यात सोडायचा. नियम नसता तरी मी सोडला असता, असं मी स्वतःला सांगत आलोय.

आता घरचं सांगतो. आम्ही भोई. आजा कृष्णेवर नाव चालवायचा आणि मासे धरायचा. गावाचा पलीकडच्या काठाशी संबंध त्याच्या नावेवर होता आणि त्याबद्दल सुगीला घरोघरचं धान्य मिळायचं. पूल झाला, नाव गेली. अण्णा तोवर एसटीत कंडक्टर म्हणून लागले होते. त्यांनी नदी सोडली ती अशी की परत तिच्याकडे पाठ करूनच राहिले. मला पाठीला भोपळा बांधून पोहायला त्यांनीच शिकवलं, "पाण्याकाठी ऱ्हायचं तर पवाय यायाच पायजे" म्हणून. पण गळ हातात दिसला की मार. चुलतभाऊ मरळ, वाम धरून आणायचे, आई ते रांधायची, अण्णा ताव मारायचे, पण मी धरायचे नाहीत. मला वाटायचं, जातीचा धंदा सुटला तो सुटावाच, पोरगा परत जाळ्यात जाऊ नये, एवढंच त्यामागे असेल. माझ्या इंजिनियरिंगच्या फीसाठी त्यांनी ज्या डबल ड्युट्या केल्या त्या बघता मला ते बरोबरही वाटायचं.

मग इकडे आलो, नोकरी लागली, आणि एका ऑफिसमित्रानं एका रविवारी हातात काठी दिली. अण्णांना मी चार वर्षं सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा ते फोनवर गप्प झाले आणि मग म्हणाले, "तिकडं पगार कमी पडाय लागला का काय?"

आता ते आकड्याचं.

काही हिवाळ्यांपूर्वीचा फेब्रुवारी. पहाटे बघितलं, 3.9. वेस्ट फेअरव्ह्यूला कॉनोडोगिनेट नावाचा मोठा ओढा सस्क्वेहानाला मिळतो, तिथं गेलो. छातीपर्यंतचे रबरी वेडर्स घातलेले, कमरेला पट्टा घट्ट. ओढ्याच्या तोंडाशी वाळू-गोट्यांचा उंचवटा आहे, त्यावरून नदीत वीस-पंचवीस पावलं आत जाता येतं. तिथून पुढे एक लेज आणि लेजच्या पलीकडे ती खोली, काठावरून न पोहोचणारी. मी मांडीभर पाण्यात उभा राहिलो. एक मासा लागला, सोडला. दुसरा सुटला. तासभर गेला असेल, दीड तास असेल. वर, उत्तरेकडे, दोन दिवस ऊन होतं आणि बर्फ वितळत होतं, हे मला माहीत होतं. पहाटे मी 3.9 बघितलं, पण त्या आकड्याशेजारचा आलेख बघितला नाही. तो चढत होता.

पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा दुप्पट नाही, चौपट होतो. हे शाळेत शिकलो होतो. मांडीवरचं पाणी चार बोटं वर सरकलंय हे लक्षात आलं तेव्हा मी परत फिरायला वळलो, आणि वळणं हीच चूक. सरळ उभं असताना धार फक्त पायांच्या रुंदीवर ढकलत असते. वळताना एक पाय उचललेला असतो. खालचा गोटा शेवाळानं गुळगुळीत. मी पडलो असं म्हणता येणार नाही, मला उचलून नेलं.

थंड पाण्यात पडणाऱ्यासाठी इथं एक हिशेब शिकवतात. पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायचं. त्यानंतरची दहा मिनिटं हातपाय काम करतात तोवर बाहेर पडायची. शुद्ध जायला तासभर. हे सगळं मला पाठ होतं आणि त्या एका मिनिटात यातलं काहीही आठवलं नाही. छाती आपोआप वर-खाली होत होती, कुत्र्यासारखी. आठवलं ते भोपळ्याच्या दिवसांतलं. अण्णा ओरडायचे, "पाय वर! पाय वर काढ! तळ शोधू नगंस!" मी पाठीवर पडलो आणि पाय पुढे, खालच्या दिशेला केले. वाहत्या पाण्यात उभं राहायला गेलं तर पाय दगडांच्या फटीत अडकतो आणि पाणी माणसाला वरून दाबून धरतं. इथं माणसं बुडतात ती बऱ्याचदा अशी. किती वाहत गेलो सांगता येत नाही. नंतर काठावरून मोजलं तर साठ पावलं भरली. धार मला ओढ्याच्या खालच्या कोपऱ्याकडे घेऊन गेली आणि एकदम, कुणी हात सोडावा तशी तिनं पकड सोडली. आजूबाजूला पानं, फेस, एक हिरवा टेनिसचा चेंडू, एक कोकची बाटली, सगळं सावकाश गोल फिरत होतं. त्यात मीही. गुडघ्यांना चिखल लागला. रांगत बाहेर आलो.

गाडीचं कुलूप उघडायला बोटं वळेनात. किल्ली दोन्ही तळहातांत धरून दाबली. हीटर लावून तासभर बसून राहिलो. घरी बायकोला सांगितलं की काठावर पाय घसरला, काठी गेली. अण्णांना काहीच सांगितलं नाही. त्यानंतर थंडीत मी पाण्यात उतरत नाही, आणि काठावर उभा असलो तरी लाईफ जॅकेट घालतो. (इथं 1 नोव्हेंबर ते 30 एप्रिल छोट्या होडीत ते अंगात घालणं कायद्यानं सक्तीचं आहे. काठावरच्या माणसाला सक्ती नाही. लोक हसतात. हसू देत.)

आई गेल्यानंतरच्या हिवाळ्यात अण्णा इकडे आले. एकटे, पहिल्यांदाच. घरात दिवसभर खिडकीशी बसायचे. दुसऱ्या आठवड्यात स्वतःच म्हणाले, "तुजी नदी तर दाव."

सोळा वर्षांवरच्या कुणालाही इथं परवाना लागतो, पाहुण्यालासुद्धा. मी त्यांच्या नावचा तीन दिवसांचा काढला. "म्हंजे पास," अण्णा म्हणाले आणि तो कागद घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला. तीन दिवस ते तपासनिसाची वाट बघत होते. कुणी आलं नाही याचं त्यांना वाईट वाटलं.

पहिल्या दिवशी शहरातून नेलं. डॉक स्ट्रीटचं धरण दाखवलं. धरण कसलं, काठापासून काठापर्यंतचा बुटका बंधारा, वरून पाणी सरळ रेषेत पडतं, दिसायला निरागस. पडलेलं पाणी पायथ्याशी गुंडाळी करून परत बंधाऱ्याकडेच येतं आणि त्यात होडी किंवा माणूस सापडला की तिथेच फिरत राहतो. बरेच जण गेलेत त्यात. मी हे सांगायच्या आधीच अण्णा म्हणाले, "ह्येच्या बुडाला कोन जात न्हाई न्हवं? ते पानी सोडायचं न्हाई." मग पुतळा. "खरी बाई ह्याच्यापेक्षा मोठी असंल," एवढंच मत त्यांनी दिलं.

दुसऱ्या दिवशी वेस्ट फेअरव्ह्यू. उणे तीन तापमान, काठाला बर्फाची पातळ फळी, मधल्या धारेतून बर्फाचे तुकडे वाहत चाललेले. अण्णांच्या अंगात माझं जुनं जाकीट, डोक्याला माकडटोपी. मी नेहमीच्या जागी उभं राहून फेकायला सुरुवात केली. ते आले नाहीत. मागे उभे राहून बराच वेळ पाण्याकडे बघत होते. मग मक्याच्या वाळक्या ताटासारखं काहीतरी उचललं, मोडलं आणि एक तुकडा पाण्यात टाकला. तो गेला खाली. दुसरा थोडा अलीकडे टाकला. तो गेला, थबकला, वळला, आणि सावकाश आमच्याच दिशेनं परत यायला लागला.

"मगरी हायत का?"

"नाहीत, अण्णा." आमच्या भागात भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात मगरी आहेत, त्यामुळे हा प्रश्न चेष्टेचा नव्हता.

"मग हिकडं यं. तू धारंच्या पल्याडचं बगतुयास. मासा हितं हाय, अल्याड. उलट्या पान्यात."

माझ्या पायांपासून फार तर दहा हात. दहा वर्षं मी त्या जागेवरून पलीकडे फेकत आलो होतो. त्यांच्या हातात काठी दिली. रीळ त्यांना जमेना, म्हणून मी फेकलं आणि काठी परत त्यांच्याकडे दिली. त्यांनी काठीकडे लक्षच दिलं नाही. हातमोजा काढला, दोरी तर्जनीवर घेतली आणि डोळे दुसरीकडेच लावून उभे राहिले. मी पंधरापर्यंत मोजायचं वगैरे सांगत होतो. ते "हं" म्हणाले. ते मला उत्तर नव्हतं. त्यांनी मनगट वळवलं आणि काठी वाकली.

मासा एकोणीस इंचांचा भरला. पितळेच्या रंगाचा, अंगावर उभे गडद पट्टे, डोळा लालसर. या नदीत एवढं व्हायला दहा-बारा वर्षं लागतात. गार हवेत कल्ले आणि डोळे गोठतात म्हणून मी त्याला पाण्यातच धरून ठेवला आणि अण्णांना खाली वाकून बघायला सांगितलं. ते गुडघ्यावर बसले. अंगठ्यानं त्याचं पोट दाबून बघितलं. त्यांच्या तोंडावर असं हसू मी आई गेल्यापासून बघितलं नव्हतं.

"दीड किलो असंल. सुनबाईला फोन लाव, वाटण करून ठीव म्हनावं."

मी नियम सांगितला. पिल्लांचे फोड, रसायनं, 98 मैल, सगळं. हेही सांगितलं की हा मासा मुळात इकडचा नाहीच. 1854 साली विल्यम श्रायव्हर नावाच्या माणसानं ओहायोच्या खोऱ्यातले काही बॅस आगगाडीच्या इंजिनामागच्या पाण्याच्या टाकीत घालून डोंगरापलीकडे पोटोमॅकच्या काठी आणले आणि पुढे त्या नदीतून हे इकडे आले. एरवी ही गोष्ट त्यांना आवडली असती. आता त्यांनी ती ऐकलीच नाही.

"सोडायचाच हाय, तर धरायचा कशापायी?"

"गंमत म्हणून."

शब्द तोंडातून गेला आणि मला तो परत घ्यावासा वाटला. अण्णा उठले, हात जाकिटाला पुसले आणि गाडीकडे गेले. मी मासा सोडला. तो क्षणभर माझ्या हातातच थांबला आणि खाली, त्याच उलट्या पाण्यात गेला.

गाडीत थर्मासमधला चहा ओतला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग समोर काचेकडे बघत बोलायला लागले. मी तेव्हापर्यंत कधीही न ऐकलेलं.

कृष्णेत कुणी बुडालं की पोलीसपाटील आमच्या दारात यायचा. शोधायचं काम भोयांचं. आजा नाव काढायचा आणि रात्र झाली असेल तर कंदील धरायला अण्णांना बरोबर घ्यायचा. अण्णा तेव्हा नऊ-दहा वर्षांचे. "मढं धारंत ऱ्हात न्हाई. समदी माणसं धारंत बगत्यात. बा थेट जायचा जितं पानी उलटं फिरतं तितं. पालापाचोळा, फेस, हार-फुलं, समदं जितं येतं, तितं त्येबी येतं. आन् मासं बी तितंच." एकदा त्यांच्या शाळेतला एक पोरगा मिळाला. तो आजानं नावेत घेतला तेव्हा त्याचा हात अण्णांच्या पायावर पडला. दुसऱ्या दिवशी त्याच डोहात आजानं जाळं टाकलं. घरात खायला दुसरं काही नव्हतं. अण्णांनी ते खाल्लं.

"आमी बी काय देव न्हवतो," ते म्हणाले. "चढनीचं मासं गाबोळीसकट धरलं. आता तुजं सरकार म्हनतंय वाढू द्या, तर ठीक हाय. वाढू द्या. पन गंमत म्हनू नगंस."

मी नाही म्हणणार म्हणालो. मग कशाला धरतोस, असं त्यांनी परत विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी विचारलं नाही. दुसरंच विचारलं.

"हितं कवा उतरला हुतास?"

काचेवर वाफ धरली होती. मी ती पुसली. पलीकडे तो कोपरा दिसत होता, फेसाचं भाकरीएवढं वर्तुळ गोल फिरत होतं.

"हो. एकदा."

"वाहून आलास?"

"हो."

त्यांनी कप डॅशबोर्डवर ठेवला, माझा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि एकेक बोट दाबून बघितलं. मघाशी माशाचं पोट बघितलं होतं तसं. मग म्हणाले, "सुनबाईला ठावं हाय?"

"अर्धं."

"आज सांग."

त्या रात्री सांगितलं. त्यानंतर घरात जे झालं ते इथं लिहायचं कारण नाही. तिसऱ्या दिवशी, पासाचा शेवटचा दिवस वाया जायला नको म्हणून, अण्णांनी मला परत त्याच जागी नेलं. चार तासांत काही लागलं नाही. दोघांनी थालीपीठ खाल्लं आणि परत आलो.

आता ते गावी आहेत. फोन रोज होतो, पण शुक्रवारचा ठरलेला. माझी संध्याकाळ म्हणजे त्यांची शनिवारची पहाट. तिकडे कोंबडं आरवलेलं ऐकू येतं.

"किती हाय?"

"चार पॉइंट एक, अण्णा."

"चढतंय का उतरतंय?"

"थांबा," मी म्हणतो, "बघून सांगतो."